वाचक विचारतात: लेक अंदमानात, जीव इथे

या महिन्यात अंदमानचे प्रश्न एवढे साठलेत की बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवून हे पान त्यांनाच दिलंय. काही तिथे नव्याने गेलेल्यांचे, काही इथे मागे राहिलेल्यांचे. मी स्वतः बरीच वर्षं पोर्ट ब्लेअरला संसार थाटून आहे (सप्टेंबर २०२४ पासून गावाचं नाव श्री विजय पुरम झालंय, पण तोंडात जुनंच बसलंय, चालवून घ्या), त्यामुळे या वेळी पुस्तकी काही नाही, जे रोज बघते तेच.

ताई, माझी मुलगी लग्न होऊन पोर्ट ब्लेअरला गेली. जावई जहाजावर नोकरीला. मी रात्री नऊला सगळं आवरून फोन करते तर ती जांभया देते आणि दोन मिनिटांत ठेवते. दिवाळीला येते म्हणाली, आली नाही, तिकीट महाग म्हणे. फराळ पाठवला तर चिवडा सादळला म्हणाली, हौसेने विचारलंसुद्धा नाही कोणी केला. तिला आता आमची गरज नाही का? – एक आई, सातारा

काकू, आधी जांभयांचं सांगते म्हणजे निम्मं दुःख इथेच कमी होईल. देशभर घड्याळ एकच असलं तरी अंदमान पार पूर्वेला आहे, थेट म्यानमारच्या खाली. जूनमध्ये इथे पहाटे पाचला उजाडलेलं असतं आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचला दिवे लावावे लागतात. तुमच्याकडे सहाला सूर्य मावळतो तेव्हा इथे जेवणाची तयारी चाललेली असते, आणि तुमची मालिका संपते तेव्हा लेकीची निम्मी झोप झालेली असते. तुम्ही तिला चार-साडेचारला फोन लावा, चहाच्या वेळी. किंवा सकाळी सहाला, तोवर तिचा डबासुद्धा झालेला असतो. बघा कशी तासभर बोलते ते.

फोन लागतच नाही असंही पुढे कधी होईल, तेव्हा घाबरू नका. पूर्वी इथलं इंटरनेट सॅटेलाइटवर होतं, एक फोटो जायला चहा होऊन जायचा. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली आणि आता व्हिडिओ कॉल बऱ्यापैकी होतात, पण वादळी पावसात लाइट जाते, टॉवर बसतो. आणि जावईबापूंचं जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की रेंज संपलीच, त्यात त्यांचा काही राग नसतो.

आता दिवाळी. इथून मेनलँडला (इथे सगळे असंच म्हणतात, बंगाली, तमिळ, रांचीवाले, सगळे) जायचे दोनच रस्ते, विमान नाहीतर जहाज. जहाजाने चेन्नई म्हणजे साधारण तीन दिवस, तेही जहाज रोज नसतं, आणि मग चेन्नईहून सातारा वेगळंच. विमान एका दिवसात नेतं पण सणाचे आणि डिसेंबर-जानेवारीचे भाव असे असतात की दोघांच्या तिकिटात बायकोला बांगडी येईल. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा मोसम, काढलेलं तिकीटसुद्धा कामी येईल याची खात्री नाही. म्हणून माझं म्हणणं, तिला दिवाळीला बोलवूच नका. टुरिस्टांची गर्दी नसते तेव्हा, पावसाळ्यात बोलवा, तिकिटं त्यातल्या त्यात परवडतात. आपल्याकडे आखाड तळतातच ना? त्यातच चार करंज्या तळा, शंकरपाळे करा आणि आषाढात दिवाळी करा. कॅलेंडर काय म्हणतं ते कॅलेंडरने बघावं. इथे राहणाऱ्याला "नक्की या तारखेला येते" असं म्हणताच येत नाही काकू, आणि दर वेळी तारीख मोडली की तुम्हाला वाटतं माया मोडली. तारखेचा आग्रह तेवढा सोडा.

आणि चिवडा खरंच सादळला असणार. इथे वर्षाला तीन मीटर पाऊस पडतो, मे ते डिसेंबर थांबून थांबून चालूच, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे पातळ पोह्यांचं काय घेऊन बसलात. पोहे, शेंगदाणे इथे मिळतात, चिवडा तिलाच करू दे. जे मिळत नाही ते पाठवा: गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, कुळथाचं पीठ, थालीपिठाची भाजणी, सांडगी मिरची. एकदम किलोभर नको, पाव-पाव किलोच्या पुड्या करा. प्रत्येक पुडी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड दुमडून मेणबत्तीच्या आचेवर बंद करा, आपल्या आया लोणच्याच्या पिशव्या करायच्या तसं. आली की ती एक पुडी फोडेल आणि बाकीच्या फ्रीजरमध्ये टाकेल, म्हणजे भाजणीत अळी होणार नाही. स्पीड पोस्टनेच पाठवा. स्वस्तातलं पार्सल जहाजाने येतं आणि ते कधी येईल हे त्या जहाजालाच माहीत. एक विनंती, ओल्या नारळाच्या वड्या नका पाठवू. इथे परसात नारळ पडतात, हसतील सगळे.

मी गाराचर्माला राहते, नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी, दोन खोल्यांचं क्वार्टर. लग्नाला आले नव्हते असे नातेवाईकसुद्धा आता "सेल्युलर जेल बघायचंय" म्हणून येतात, आठ आठ दिवस राहतात. सासूबाईंना वाटतं मी माणूसघाणी आहे. काय करू? – वैतागलेली सून

अगं, तू एकटी नाहीस, इथल्या प्रत्येक मराठी घराचं हेच. आणि खरं सांगू, जेल बघायला येणाऱ्यांचा राग येत नाही. सावरकर १९११ ते १९२१ या काळात इथे होते, थोरले बंधू बाबारावही इथेच होते, मराठी माणसाला ती कोठडी बघून गहिवरून येणार हे धरूनच चालायचं. सात विंगांमधल्या तीनच उरल्यात हे पाहून पाहुणे हळहळतात, मग पलीकडचं पंत हॉस्पिटल पाडलेल्या विंगच्या जागेवर उभं आहे असं सांगितलं की आणखी हळहळतात. ते सगळं ठीक. प्रश्न आठ दिवसांच्या जेवणाचा आणि पाण्याचा आहे.

पाण्याचं तर मोकळेपणाने सांगायचंच. फेब्रुवारी-मार्च-एप्रिलला धनीखाडीच्या धरणातलं पाणी खाली जातं, नळ रोज येत नाही, ड्रम भरून ठेवावे लागतात आणि आपला काका सकाळी शॉवरखाली अर्धा तास गाणी म्हणतो. येण्याआधीच फोनवर सांग, "या, पण दोन रात्री आमच्याकडे, बाकी स्वराज द्वीपला (म्हणजे हॅवलॉक) हॉटेलात राहा, तिथला बीच बघायला तर सगळे येतात." हे निरोपात नाही, तोंडाने सांगायचं आणि नवऱ्याने सांगायचं, त्याचे नातेवाईक आहेत. सासूबाईंना एकदा मार्चमध्ये महिनाभर राहायला बोलाव. वादच संपेल.

भाजीचंही तसंच. कांदा-बटाटा जहाजाने येतो, जहाज लांबलं की टोमॅटोचा भाव ऐकून पाहुणे "बाई गं" म्हणतात आणि तरी कोशिंबीर मागतात. तू आपली इथलीच भाजी कर, पुई म्हणजे आपला मायाळू, भोपळा, केळफूल, भेंडी, आणि सुरमई आली असेल तर प्रश्नच मिटला. पाहुण्याने घरच्यासारखं जेवावं म्हणून आपण मेनलँडचा फ्लॉवर सोन्याच्या भावाने आणायचा हे कुठलं शहाणपण.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगून टाक. एक, बेटावरून परत येण्याची बोट आणि विमान सलग दिवशी ठेवायचं नाही, मध्ये एक दिवस रिकामा हवाच. समुद्र खवळला की बोट रद्द होते, आणि मग तुझ्या नवऱ्याला "तुझी ओळख आहे ना, काहीतरी कर" म्हणून फोन येतात. समुद्राशी ओळख कोणाची असते? दुसरं, कोणी "आदिवासी दाखव" म्हणालं तर सरळ नाही म्हण. जिरकाटांगच्या गेटवरून गाड्या कन्वॉयने, म्हणजे एकत्र ताफ्याने, जातात त्या जारवांच्या राखीव जंगलातून रस्ता आहे म्हणून, प्राणीसंग्रहालय आहे म्हणून नाही. गाडी थांबवणं, फोटो काढणं, खाऊ देणं, सगळा गुन्हा आहे. आणि गुन्हा नसता तरी लाज वाटायला हवी होती.

मी डिगलीपूरला शाळेत शिकवते, एकटी राहते. वडील जळगावला, हृदयाचं दुखणं, भाऊ सांभाळतो. रात्री फोन वाजला की हातपाय गळतात. काही झालं तर मी पोचणारच नाही असं वाटत राहतं. नोकरी सोडू का? – डिगलीपूरची मास्तरीण

तुला खोटा धीर देत नाही. डिगलीपूर अंदमानच्या पार उत्तर टोकाला, पोर्ट ब्लेअर तीनशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये कन्वॉयच्या ठरलेल्या वेळा आणि मिडल स्ट्रेटच्या खाडीवरची फेरीबोट, म्हणजे बसने अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशीचं विमान, मग चेन्नई किंवा कोलकाता, मग मुंबई, मग जळगाव. सगळं जुळलं तरी दोन दिवस धर, हवा बिघडली तर तीन. हेलिकॉप्टर आहे पण सीटा मोजक्या आणि पेशंटला आधी देतात.

म्हणून जे बोलायचं ते भावाशी आत्ता बोल, सगळे धडधाकट असताना. त्याला स्पष्ट सांग की निर्णय घ्यायला माझी वाट बघायची नाही, अॅडमिट करायचं, ऑपरेशनची सही करायची, सगळं तू कर, मी पाठीशी आहे, पैशाचा माझा वाटा आधीच तुझ्या खात्यात ठेवते. आणि सगळ्यात अवघड ते पण सांग, की वाईट काही घडलं तर मी पोचेपर्यंत थांबू नका. आपल्याकडे "लेक येईपर्यंत थांबा" म्हणून घरात बर्फाच्या लाद्या आणतात, आलेले लोक ताटकळतात, आई अर्धमेली होते, आणि येणारी तिकडे विमानतळावर सैरभैर. बोटीच्या भरवशावर असल्या गोष्टी ठेवू नयेत. तू दहाव्याला पोच, तेराव्याला पोच, आईजवळ पुढचा महिनाभर राहा, त्या महिन्याचं मोल जास्त आहे. हे बोलणं कठीण आहे हे मला माहितीये, पण इथल्या कितीतरी घरांत हे ठरलेलं असतं आणि ठरलं की फोनची भीती खरंच कमी होते.

बाकी तयारी साधी. मुख्याध्यापकांना परिस्थिती आधीच सांगून ठेव म्हणजे रात्री निघावं लागलं तर रजेचा अर्ज मागून गेला तरी चालेल. थोडी रोकड घरात ठेव, नेट बंद पडलं की यूपीआय पण बंद. पोर्ट ब्लेअरला रात्रीचा मुक्काम करता येईल असं एक घर हेरून ठेव.

नोकरी सोडण्याचं म्हणशील तर नुसत्या भीतीपोटी सोडू नको. वडिलांजवळ राहावंसं वाटत असेल तर बदलीचा अर्ज कर, ते वेगळं. आणि शेजारी कोण आहे? डिगलीपूरला बंगाली वस्ती पुष्कळ, असेल एखादी काकीमा. तिच्याकडे संध्याकाळी जाऊन बसत जा. ताप आला तर भाऊ जळगावहून पेज आणून देणार नाहीये, तीच देणार आहे.

समुद्र एवढा जवळ, पोहायला जावं का? शिवाय अंगावर लाल गांधी उठतात त्या कशाच्या? – नवीन आलेला

जिथे पोलीस किंवा लाइफगार्ड आहेत तिथेच, आणि मगरीची पाटी असेल तिथे घोटाभर पाण्यात पण नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथे खरोखर आहेत, खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ तर जाऊच नका. पाटी टुरिस्टांसाठी असते असं समजणारे नव्याने बदली होऊन आलेलेच असतात. गांधी सॅन्डफ्लायच्या, म्हणजे वाळूतल्या चावऱ्या बारीक माश्यांच्या. वाळूत थेट बसू नका, अंगाला खोबरेल फासा, आणि खाजवू नका, खाजवलं की पिकतं आणि या दमट हवेत लवकर सुकत नाही.

मुलगी पाच वर्षांची, इथेच जन्मली. घरात मराठी बोलतो पण ती उत्तर हिंदीत देते, आजीशी फोनवर पण. आजी रडकुंडीला येते. – एक बाबा, जंगलीघाट

इथे बंगाली पोराचं, तेलुगू पोराचं, सगळ्यांचं असंच. अंगणात हिंदी, त्याला इलाज नाही आणि नसावा. तुम्ही मराठीच बोलत राहा, ती समजतेय ना, मग झालं निम्मं काम. आजीला सांगा फोनवर "कशी आहेस, जेवलीस का" विचारणं बंद करा, त्याला पोरगी "हां" म्हणते आणि पळते. त्याऐवजी रोज चारला चिऊ-काऊची गोष्ट सांगा आणि ऐन मोक्याला थांबा, उरलेली उद्या. पुढचं ऐकायला पोरगी स्वतः फोन मागेल. आणि सुट्टीत महिनाभर एकटीला आजीकडे सोडा, आईबापांनी मागे मागे जायचं नाही.