‘अत्त दीप भव’मधला ‘अत्त’

एका वाचकाने विचारलं आहे: बौद्ध धम्म आत्मा मानत नाही, मग विहाराच्या कमानीवर ‘अत्त दीप भव’ कसं? याचा अर्थ ‘आत्म्याचा दिवा हो’ असा होत नाही का?

होत नाही. संस्कृत ‘आत्मन्’चं पालीत ‘अत्ता’ झालं, पण हा शब्द पालीत दोन कामं करतो. पैकी एक आपल्या रोजच्या बोलण्यातलं आहे. याच ‘आत्मन्’पासून प्राकृतात ‘अप्पा’, ‘अप्पण’ आणि पुढे मराठीत ‘आपण’ आला. ‘पोरगं आता आपलं आपण जेवतं’ असं आई सांगते, तेव्हा तिच्या मनात आत्मा नसतो. धम्मपदातली १६०वी गाथा अशीच वाचायची: ‘अत्ता हि अत्तनो नाथो, को हि नाथो परो सिया’. म्हणजे आपणच आपला आधार, दुसरा कोण असणार? इथे ‘आत्मा आत्म्याचा नाथ’ असं भाषांतर केलं की गाथेतला माणूसच हरवतो. ‘आत्मचरित्र’ या शब्दात तरी आत्म्याचं चरित्र कुठे असतं?

दुसरं काम तत्त्वचर्चेतलं, आणि नकार आहे तो तिथे. सारनाथला पाच भिक्खूंपुढे बुद्धांनी रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाची घडण), विज्ञान (जाणीव) हे पाचही स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते घटक, एकेक करून तपासायला घेतले आणि प्रत्येकाबद्दल म्हटलं, ‘नेतं मम, नेसोहमस्मि, न मेसो अत्ता’. हे माझं नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही. कायम टिकणारा, न बदलणारा असा कोणी आत बसला आहे, ही समजूत इथे नाकारली आहे. स्वतःच्या पायावर उभं राहणारा माणूस नाकारलेला नाही.

आता कमानीवरच्या ओळीबद्दल. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांचं वर्णन करणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात, वैशालीजवळच्या बेलुव गावी आजारातून उठलेले बुद्ध आनंदाला सांगतात ते शब्द असे: ‘अत्तदीपा विहरथ, अत्तसरणा अनञ्ञसरणा’. क्रियापद अनेकवचनी आहे, उपदेश सगळ्या संघाला आहे. ‘अत्त दीप भव’ हे त्याचं सुटसुटीत केलेलं रूप. हिंदीतून आलेलं ‘अप्प दीपो भव’ मात्र मला खटकतं, कारण पालीत ‘अप्प’ म्हणजे अल्प, थोडा.

शिवाय पालीत ‘दीप’ म्हणजे दिवा आणि बेटही (संस्कृत ‘द्वीप’). अट्ठकथेने, म्हणजे सुत्तावरच्या जुन्या पाली टीकेने, इथे बेट हाच अर्थ घेतला आहे: महासागरात पाय टेकायला मिळणारी कोरडी जमीन. पुढच्याच शब्दात ‘सरण’, म्हणजे आसरा, आहे. त्यामुळे मलाही बेटच जास्त पटतं. मी मराठीत ‘आपणच आपलं बेट होऊन राहा, आपणच आपला आसरा’ असं लिहीन.