फुप्फुसाभोवती पुन्हा पुन्हा पाणी भरतंय, नळी बसवावी का?

कॅन्सरमुळे बाबांच्या फुप्फुसाभोवती भरणारं पाणी पाच आठवड्यांत तीनदा काढलं, आता डॉक्टर छातीत कायम राहणारी, घरीच पाणी काढता येणारी नळी बसवू म्हणतात आणि घरचे घाबरलेत, असं तुम्ही लिहिलंय. आईच्या आजारात आम्हीही नेमके इथेच अडलो होतो.

हे पाणी फुप्फुसाच्या आत नसतं. फुप्फुस आणि छातीची भिंत यांमधल्या दोन पातळ आवरणांच्या फटीत ते साचतं. कॅन्सर तिथे पोचला की पाझर वाढतो आणि निचरा कमी होतो. म्हणून सुईने काढलं तरी बहुतेकांना महिन्याभरात परत भरतं. बाबांचं प्यायचं पाणी मात्र तोडू नका, त्याने हे थांबत नाही.

एका वेळी साधारण दीड लिटरच्या पुढे सहसा काढत नाहीत, कारण दबलेलं फुप्फुस एकाएकी फुललं तर त्याला सूज येऊ शकते. काढताना खोकल्याची उबळ आली किंवा छाती आवळली तर बाबांनी लगेच सांगावं.

आता निर्णयाचं. पाणी काढल्यावर दम खरंच कमी झाला का, आणि नंतरच्या एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुललं का? पहिल्याचं उत्तर तुमच्याकडे आहे, दुसरं डॉक्टरांना विचारा. आम्ही ते चौथ्या वेळी विचारलं, याची मला आजही खंत आहे. दम कमी होत नसेल तर कारण दुसरं असू शकतं: रक्त कमी असणं, फुप्फुसात रक्ताची गुठळी. फुप्फुस फुलत असेल तर त्या फटीत टाल्कची पूड घालून दोन्ही आवरणं चिकटवता येतात. फुलत नसेल तर ती चिकटणार नाहीत, तिथे नळीच बरी. फुलणाऱ्यांनाही नळी चालते. 2012 साली ब्रिटनमधल्या 106 रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही उपायांनी दम जवळपास सारखाच कमी झाला, पण नळीवाल्यांचे रुग्णालयातले दिवस वाचले.

आईची नळी मी घरीच बाटली जोडून रिकामी करायचे. पहिल्या दिवशी हात थरथरले, आठवड्यात सवय झाली. काहींचं पाणी पुढे आटतं आणि नळी काढताही येते. जंतुसंसर्गाची भीती मात्र खरी आहे. ताप, नळीभोवती लाली किंवा गढूळ पाणी दिसलं तर त्याच दिवशी फोन करा.

रात्री दम लागला तर बाबांना उशीवर पुढे झुकवून बसवा, चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ द्या. दम कमी करायला अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिनही देतात, त्याबद्दल पॅलिएटिव्ह केअरच्या (आजाराचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.