पाइलच्या सळ्या कॅपमध्ये किती घ्यायच्या?

प्रश्न : काळ्या जमिनीत घर बांधतोय. पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) 450 मिमी व्यासाचे, प्रत्येकात 16 मिमीच्या 6 सळ्या (एफई500 दर्जाचं पोलाद), काँक्रीट एम25 दर्जाचं, कॅपची (पाइलच्या डोक्यांवरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याची) जाडी 600 मिमी. डिझाइनमध्ये पाइलचं डोकं ‘फिक्स’ (कॅपमध्ये घट्ट, न फिरणारं) धरलंय. ठेकेदार म्हणतात, सळ्या फूटभर आत गेल्या की पुरे. खरं का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : नाही. एम25 मध्ये ताण घेणाऱ्या एफई500 सळईला पूर्ण पकड यायला काँक्रीटमध्ये व्यासाच्या साधारण 48.5 पट लांबी लागते; 16 मिमीला जवळपास 780 मिमी. फूटभर सरळ सळई जेमतेम 39 टक्के ताकद देईल. मग डोकं कॅपमध्ये फिरतं आणि फिक्स धरून अर्ध्यावर आणलेला मोमेंट (वाकवणारा जोर) खाली पाइलच्या अंगावर येतो. पाइल डोलतोही कितीतरी जास्त. किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप ज्या जिल्ह्याने सोसला, तिथे आडव्या बलाबाबत अशी ढिलाई करूच नका.

600 च्या कॅपमध्ये 780 सरळ बसत नाहीत, म्हणून काटकोनात वाकवा. वाकापर्यंत सरळ 400, वाकाचे 128 (वाक 8 व्यासांइतका धरतात) आणि पुढे आडवे 260 मिमी. पाइलचं डोकं कॅपमध्ये 50 मिमी आत हवं. कॅपमधल्या उभ्या भागालाही 8 मिमीच्या दोन-तीन रिंगा बांधा.

खरी चूक मात्र डोकं फोडताना होते. वरचं काँक्रीट चिखल मिसळून भुसभुशीत झालेलं असतं. छिन्नी मारली की राखाडी भुगा पडतो. खडी घट्ट धरलेलं, टणटण वाजणारं काँक्रीट लागेपर्यंत फोडा. हाताने तीन दिवसांनी चालतं, ब्रेकर (फोडायचं यंत्र) सात दिवसांआधी नको. जेसीबीच्या बकेटने सळ्या वाकवून पुन्हा सरळ करू देऊ नका. मुळाशी चीर पडते.

सळ्या आधीच आखूड कापल्या असतील तर डिझाइनरला विचारून कपलर (दोन सळ्या जोडणारी नळी) लावा किंवा डोकं आणखी खाली फोडून सळई मोकळी करा. टोकाला टोक ठेवून मारलेल्या वेल्डिंगच्या ठिपक्यावर विसंबू नका.

एका कॅपखाली दोनच पाइल असतील, तर त्या ओळीच्या आडव्या दिशेला कॅप स्वतःच फिरते; सळ्या कितीही आत असल्या तरी. त्या दिशेला टाय बीम (कॅप एकमेकींना जोडणारी तुळई) द्यावाच लागतो. काळी माती फुगून बीम उचलते, म्हणून त्याखाली किमान 80 मिमी पोकळी ठेवा.