कपडे घालताना होणारी ओढाताण

तुमचे दोन वर्षांचे मूल सदरा दिसताच पळ काढते, यात तुमचे काही चुकत आहे असे मुळीच समजू नका. या वयात ‘नको’ आणि ‘मी करणार’ या दोनच शब्दांवर घर चालते. सुरुवातीला एवढे सांभाळा:

१. निवड त्याला करू द्या, पण दोनच कपड्यांतून. सगळे कपाट उघडून दाखवणे ही नवख्या पालकांची नेहमीची चूक, आणि ‘कपडे घालायचे का?’ असे तर विचारूच नये, कारण उत्तर ठरलेले असते.

२. रंगलेला खेळ मोडून मुलाला उचलू नका. पाच मिनिटे आधी कल्पना द्या.

३. सदऱ्याचा गळा दोन्ही हातांनी ताणून मगच डोक्यावरून घ्या, कारण चेहऱ्यावर कापड अडकले की मुले बिथरतात. बाहीच्या तोंडातून आपला हात आत घालून त्याची मूठ अलगद बाहेर घ्यावी.

माझ्या मुलीचे निम्मे रडणे मानेला टोचणारे लेबल कापल्यावर थांबले, आणि हे लक्षात यायला मला दोन महिने लागले! बटणांचा सराव सध्या राहू द्या. गुडघ्यापर्यंत चढवलेली विजार वर ओढण्याचे काम तेवढे त्याच्यावर सोपवा.