कॅमेलियाची कळी गळते डिसेंबरात, बिनसतं दिवाळीत

प्रश्न (रामबाग, इंदूर): मुलाने कालिम्पोंगहून कॅमेलियाचं रोप आणून दिलं, त्याला तीन वर्षं झाली. गच्चीवर मोठ्या कुंडीत, काळी माती आणि शेणखतात लावलंय. पाऊस सरला की कळ्या भरपूर धरतात, बोराएवढ्या होतात आणि डिसेंबरात टपाटप गळतात. थंडी बाधत असेल म्हणून यंदा कुंडी दिवाणखान्यात आणली, तर उरल्यासुरल्याही गेल्या. पाणी रोज घालते. कोणतं औषध फवारू?

उत्तर: ताई, औषध नको. आधी कुंडी पुन्हा बाहेर ठेवा. कॅमेलिया जपान-चीनकडचं, डोंगरउतारावरच्या झाडांच्या सावलीत वाढणारं झाड, आपल्या चहाचं सख्खं भावंड. इंदूरच्या आठ-दहा अंशांच्या रात्री त्याला मानवतात, कळी उमलायला तो गारवा हवाच असतो. बंद खोलीतली कोरडी, उबदार हवा मात्र त्याला सोसत नाही. शिवाय कळ्या धरलेलं झाड एका उजेडातून दुसऱ्या उजेडात हलवलं की ते हमखास कळ्या टाकतं.

पण मूळ दुखणं आधीचं आहे. कळी उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या सुरुवातीला बसते आणि पुढे चार-पाच महिने हळूहळू भरत जाते. या काळात मुळं एकदा जरी कडकडीत सुकली, तरी कळी आतून मरते. गंमत अशी की ती लगेच पडत नाही. झाडावर हिरवीगार दिसत राहते आणि दोन महिन्यांनी देठाशी सुटते. आपण दोष देतो थंडीला. आठवून बघा, दिवाळीत आठवडाभर गावाला गेला होतात का? पाऊस गेलेला, ऑक्टोबरचं ऊन, गच्चीचा तापलेला कोबा आणि शेजारणीने आठवणीने घातलेलं तांब्याभर पाणी. बहुतेक कळ्या तिथेच गेल्या असतील.

"पण मी तर रोज पाणी घालते," असं तुम्ही म्हणाल. एक करून बघा. कुंडीच्या कडेला बोट घाला. काळी माती सुकली की आकसते, कुंडीची भिंत सोडते आणि बोटभर फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. बशीत पाणी दिसलं की आपलं समाधान होतं, पण मधला मुळांचा गोळा कोरडा तो कोरडाच. डोंगरावरच्या नर्सरीतली रोपं बऱ्याचदा घट्ट चिकणमातीच्या गोळ्यासकट येतात, तो तर आणखी हट्टी. गळलेली कळी नखाने उभी चिरून पाहा. आत तपकिरी, कोरडी निघाली तर बहुधा हेच कारण. उलट मातीला आंबूस वास येत असेल आणि मुळं काळी पडली असतील, तर पाणी जास्त झालंय. त्यानेही कळ्या गळतात.

सध्या कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा आणि निथळू द्या. फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आत, माती बदला. दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग भरड वाळू. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीचा सामू (पीएच, मातीची आम्लता मोजायचं माप; आकडा कमी तितकी माती आम्ल) साडेसात-आठच्या घरात असतो, कॅमेलियाला साडेपाच ते साडेसहा लागतो. म्हणून राख, चुना, अंड्याची टरफलं यांतलं काहीही नको. आपल्या इंदुरातच १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली, तिचा मला अभिमान आहे, पण तेही खत इथे मूठभरच घाला, भर पालापाचोळ्याचीच हवी. आणि दुधा-साखरेच्या चहाचा चोथा तर नकोच, मुंग्या लागतात.

नर्मदेचं काय किंवा बोरिंगचं काय, पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं. पावसाचं साठवता आलं तर सोनं. नाहीतर दहा लिटरला पाव चमचा लिंबूसत्त्व, ढोकळ्यात घालतो तेच, आठवड्यातून एकदा. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) द्या. युरिया नको. बाकी खतही ऑगस्टनंतर बंद.

जागा अशी की सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन मिळेल, नंतर सावली. पश्चिमेची भिंत टाळा, मे महिन्यात ती रात्री नऊपर्यंत धगधगते. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. एकेका शेंड्यावर तीन-तीन कळ्या असतील तर सप्टेंबरात एकच ठेवून बाकीच्या पिळून काढा. गोल, फुगीर ती फुलाची. निमुळती, टोकदार ती पानाची, तिला हात लावू नका. जीवावर येतं, पण नाही काढल्या तर झाड स्वतःच काही टाकतं, आणि कोणत्या ते तुम्हाला विचारत नाही.

प्रश्न (सांवेर): कॅमेलियाला भाव चांगला ऐकतो. अर्धा बिघा शेडनेटमध्ये लावू का?

उत्तर: नको, दादा. मे महिन्यातली आपली चाळीसच्या वरची कोरडी हवा आणि काळं रान, दोन्ही त्याच्या मुळावर उठतात. माती बदला, पाणी बदला, हवा गार करा, एवढा खर्च फुलातून निघणार नाही. शेवंती लावा, झेंडू लावा. घरी हौसच असेल तर ससांक्वा जातीची एक कुंडी आणा, ती ऊन जरा जास्त सोसते. आणि माळ्याकडून "कॅमेलिया" म्हणून अनंताचं रोप पदरात पडलं, तरी फार वाईट वाटून घेऊ नका. त्याच्याही कळ्या याच कारणांनी गळतात, पण वास तरी मिळतो.