स्टीपलचेसचा घोड्यांशी काय संबंध? आणि पळण्याच्या शर्यतीत पाण्याचा खड्डा कशाला?

संबंध थेट आहे. ही शर्यत मुळात घोड्यांचीच. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बीडच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पळून रौप्य मिळवलं, तेव्हा आमच्या वडिलांनीही टीव्हीसमोर हेच विचारलं होतं, "अरे, मधेच हे डबकं कशाला?"

स्टीपल म्हणजे चर्चचा उंच, निमुळता मनोरा. देवळाच्या कळसासारखा लांबूनच दिसणारा. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात कॉर्नेलियस ओ'कॅलहन आणि एडमंड ब्लेक यांच्यात पैज लागली: बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोड्यावरून आधी कोण पोचतो? अंतर साधारण सात किलोमीटर. रस्ता धरायचा नाही, मनोऱ्यावर नजर ठेवून शेतांतून सरळ घोडा सोडायचा. दगडी बांध, झुडपांची कुंपणं, चर, ओढे, जे आडवं येईल ते ओलांडायचं. कोल्ह्याच्या शिकारीमुळे तिथल्या घोड्यांना आणि स्वारांना अशा उड्यांची सवय होतीच. गंमत म्हणजे पैज कोण जिंकलं ते विस्मरणात गेलं, शर्यतीला मनोऱ्याचं नाव मात्र कायमचं चिकटलं.

पुढे हे रान मैदानात आलं. सगळ्यात गाजलेली शर्यत लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीची ग्रँड नॅशनल. १८३९ साली तिथे लॉटरी नावाचा घोडा जिंकला, पण लोकांच्या तोंडी राहिला तो पडलेला कॅप्टन मार्टिन बेचर. तो घोड्यावरून थेट ओढ्यात गेला आणि मागून येणाऱ्या टापा डोक्यावरून जाईपर्यंत तिथेच दबून बसला. ते कुंपण आजही 'बेचर्स ब्रूक' म्हणून ओळखलं जातं. तिथे उतरायच्या बाजूची जमीन उडी घ्यायच्या बाजूपेक्षा खाली आहे, म्हणजे जमीन जिथे असेल असं घोडा धरून चालतो तिथे ती नसतेच! सुमारे ६.९ किलोमीटरमध्ये अशी ३० कुंपणं. घोडे जखमी होतात, मरतातही. टीका वाढत गेली तसा कुंपणांमधला लाकडी गाभा काढून प्लास्टिकचा घातला आणि २०२४ पासून घोडे ४० वरून ३४ वर आणले. मला विचाराल तर टीकाकारांचं बरोबर आहे.

(महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर आपण पाहतो ती सपाट शर्यत, म्हणून हा प्रकार आपल्याला नवा वाटतो.)

१८५० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी ही शर्यत पायी पळायला सुरुवात केली. आजच्या ३००० मीटरमधले २८ अडथळे म्हणजे ते शेताचे बांध, आणि ७ वेळा येणारं वडिलांचं डबकं म्हणजे तो ओढा. पुरुषांसाठी अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो आणि हर्डल्स शर्यतीतल्या अडथळ्यासारखा धक्का लागून पडत नाही. पाण्याचा खड्डा अडथळ्यापाशी खोल, पुढे उथळ होत जातो. पुढच्या वेळी नीट बघा: बरेच धावपटू आडव्या लाकडावर एक पाय टेकून अंग पुढे झोकतात आणि उथळ पाण्यात उतरतात. नियमात ते चालतं. घोड्याला बिचाऱ्याला ही सोय नाही.