घरून एक्झिट रिले नको, ब्रिज चालव

बोरिवलीच्या घरी फायबर आहे, जुना लॅपटॉप पडून आहे, त्यावर टॉरचा एक्झिट रिले चालवला तर गुन्हा ठरेल का, असं विचारलं आहेस. टॉर म्हणजे वापरणाऱ्याची ओळख लपवण्यासाठी इंटरनेटची वाहतूक अनेकांच्या संगणकांमधून, म्हणजे रिलेंमधून, फिरवणारं जाळं. आपल्या आयटी कायद्यात रिले चालवायला बंदी घालणारं कलम नाही. तरीही घरून एक्झिट चालवू नकोस.

एक्झिट हा साखळीतला शेवटचा रिले, आणि समोरच्या वेबसाइटला फक्त त्याचाच आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसतो. कुणी त्यातून धमकीचा मेल पाठवला तर पोलीस आयएसपीला (इंटरनेट देणाऱ्या कंपनीला) विचारणार आणि पत्ता तुमच्या घराचा निघणार. कनेक्शन बाबांच्या नावावर असेल तर पहिली नोटीस त्यांना.

कायदा तुझ्या बाजूने बोलतो, पण नंतर, वकिलाच्या तोंडून. आयटी कायद्याचं कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देतं: माहिती तू सुरू केलेली नाही, कुणाला जावी ते ठरवलं नाही, त्यात बदल केला नाही, तर जबाबदारी तुझी नाही. पण त्याला योग्य दक्षतेची अट आहे. त्यात २८ एप्रिल २०२२ चे सर्ट-इनचे (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे) निर्देश आले. १८० दिवसांचे लॉग ठेवा, व्हीपीएन (आयपी लपवणारी सेवा) आणि व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपा. त्यात टॉरचं नाव नाही. मात्र नंतरच्या खुलाशात, व्हीपीएन तंत्राने सर्वसामान्यांना प्रॉक्सीसारखी सेवा देणारा तो व्हीपीएन पुरवठादार, अशी ऐसपैस व्याख्या केली आहे. रिले तर वापरणारा कोण हे कळूच नये म्हणून बांधलेला. हा पेच तुझ्या घरात बसून सुटायला नको.

युरोपात नियम जास्त स्पष्ट आहे. नुसती वाहतूक करणाऱ्याला तिथे आधी २००० च्या ई-कॉमर्स निर्देशाने आणि आता डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टच्या चौथ्या कलमाने, जवळपास आपल्या ७९ सारख्याच अटींवर, संरक्षण आहे. अमेरिकेत ईएफएफ ही डिजिटल हक्कांची संस्था रिले चालवणं कायदेशीर असल्याचं उघडपणे मांडते. पण घडलं काय ते बघ. ऑस्ट्रियात ग्राझच्या कोर्टाने २०१४ मध्ये एका एक्झिट चालवणाऱ्याला दुसऱ्याच्या गुन्ह्यात साथ दिल्याबद्दल दोषी धरलं, आणि त्याचे जुने चॅट त्याच्याविरुद्ध वापरले गेले. मॉस्कोत एप्रिल २०१७ मध्ये गणिताच्या एका शिक्षकाला अटक झाली, कारण चिथावणीच्या पोस्ट त्याच्या एक्झिटच्या आयपीवरून गेल्या होत्या. आधी तुरुंग, मग नजरकैद, आणि पुढच्या वर्षी खटला मागे. जर्मनीत जून २०१८ मध्ये त्स्वीबेलफ्रॉइंडे या रिले चालवणाऱ्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या घरांवर छापे पडले. ते संशयित नव्हते, साक्षीदार होते. न्यायालयाने छापे नंतर बेकायदा ठरवले, पण तोवर उपकरणं जप्त झाली होती. हार्ड डिस्क गेल्यावर सहा महिने कॉलेजचं काम कशावर करणार?

मी स्वतः काही वर्षांपूर्वी परदेशातल्या भाड्याच्या सर्व्हरवर एक्झिट चालवला. मेल पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवलं, आयपीच्या रिव्हर्स डीएनएसमध्ये (आयपीला जोडलेल्या नावात) टॉर एक्झिट असं लिहिलं, तो आयपी उघडल्यावर दिसणाऱ्या पानावर खुलासा टाकला. तरी तक्रारी आल्या आणि एका रात्रीत सर्व्हर बंद केला गेला. सर्व्हर घेण्याआधी पुरवठादाराची लेखी परवानगी घ्यायला हवी होती, ती मी घेतली नव्हती. तू पुढे कधी एक्झिट चालवलास तर त्या परवानगीपासूनच सुरुवात कर, आणि एकट्याने नव्हे, नोंदणीकृत संस्थेमार्फत. टॉरबद्दल कुणाशीही गंमत म्हणूनसुद्धा वेडंवाकडं लिहू नकोस. ग्राझचं उदाहरण त्यासाठीच दिलं.

डोंबिवलीच्या घरून मी मधला रिलेही चालवला. त्यातून बाहेर काही जात नाही, म्हणून पोलिसांची भीती फारच कमी. पण अशा सगळ्या रिलेंचे आयपी जाहीर असतात, आणि काही साइट सरसकट सगळे अडवतात. वडिलांच्या पेन्शनच्या बँकेचं पान उघडेना. चार दिवस ते रोज शाखेत जाऊन उभे राहत होते, आणि कारण माझा रिले आहे हे मला पाचव्या दिवशी कळलं. फार वाईट वाटलं.

म्हणून घरून ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरायचा रिले. ब्रिजचे आयपी त्या जाहीर यादीत नसतात, आणि ज्या देशांत टॉरच अडवलेलं आहे तिथल्या लोकांना आत यायची वाट मिळते. आधी आयएसपीच्या अटींत घरगुती कनेक्शनवर सर्व्हर चालवू देतात का ते वाच. तुला सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच आयपी वाटून) ठेवलं असेल तर ब्रिज बाहेरून लागणार नाही, पब्लिक आयपी मागून घ्यावा लागेल. तेवढी खटपट नको असेल तर ब्राउझरमध्ये स्नोफ्लेकचं (टॉरच्याच छोट्या, तात्पुरत्या ब्रिजचं) एक्स्टेंशन टाक, त्याला बहुतेक वेळा पोर्ट उघडावं लागत नाही.